हळदीच्या करंड्याचे झाकण

नालेगाव, नगर
१४ नोव्हेंबर १९४३

चि. दमूस दादाचे आशीर्वाद.

तुझे पत्र काल आले. तुझ्या सुचीसाठी पाहिलेल्या श्रीगोंद्याच्या माधवरावांचा होकार आला हे वाचून तुझ्या वहिनीने देवापुढे साखर ठेवली आणि मी लाकूड कातायचा माझा चरक थांबवला. चालता चरक मी सहसा कोणासाठी थांबवत नाही, हे तुला ठाऊक आहे. मुलगा शाळेत मास्तर आहे, निर्व्यसनी आहे, आणि सुचीला पाहून गेल्यावर त्याने दुसरे काही विचारले नाही. एवढे पुष्कळ झाले.

पत्राच्या शेवटी तू जे विचारले आहेस, त्याचा मात्र मला राग आला. सुचीचे वडील नाहीत, तर कन्यादानाला कोण बसणार? अगं, मी आणि तुझी वहिनी. दुसरे कोण? हे काय विचारायचे झाले?

आणखी एक. रुखवतात मांडायला मी दोन करंडे कातून देणार आहे, एक हळदीचा, एक कुंकवाचा. दोन्ही शिसवीचे, जुळे. हल्ली पितळेचे मिळत नाहीत, सगळे पितळ लढाईने खाल्ले. पण मिळाले असते तरी मी माझेच दिले असते.

त्यांच्या अंगावर आणि झाकणावर बारीक खळग्यांची एकेक माळ उठवायची आहे. बाजारातला कातारी अशी माळ अणकुचीने टोचतो, आणि त्याचे दोन खळगे एकसारखे आले तर तो योगायोग. मी त्यासाठी हत्यार करतो आहे. दातेरी कडेचे एक लहान चाक, बेचक्यासारख्या दुबेळक्यात खिळीवर सैल बसवलेले, मागे लाकडी मूठ. चरकावर लाकूड फिरत असताना हे चाक त्याला हलके टेकवायचे. मग ते लाकडाबरोबर आपोआप फिरते आणि दात्यामागून दाता आपली खूण उमटवत जातो. मी त्याला फिरकी म्हणतो. हे मला कोणी शिकवले नाही. शिवणयंत्राच्या पायट्यावरून चरक बनवला तेव्हाही कोणी शिकवले नव्हते. तुला ते सगळे माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो.

पहिली फिरकी भिंतीवरच्या बंद घड्याळातले चाक काढून करतो आहे. तुझ्या वहिनीचे म्हणणे, घड्याळ दुरुस्त झाले असते. झाले नसते.

तुझा
दादा


तिसगाव
२ डिसेंबर १९४३

ती. दादास दमूचा नमस्कार.

तुझ्या पत्रात सुचीच्या लग्नाच्या चार ओळी आणि फिरकीचं एक पान. वहिनी तुझ्याबरोबर कशी राहते कोण जाणे. मी असते तर तुझ्या चरकालाच हळदकुंकू वाहून माहेरी निघून आले असते. पण माझं माहेर तूच, म्हणजे तीही सोय नाही.

राग येऊ देऊ नकोस. मी उगीच विचारलं नव्हतं. राधाकृष्ण भाऊजींनी सुचीसाठी चाळिशीचा बिजवर आणला होता, हे मी तुला भाऊबीजेला सांगितलं नाही. तुम्ही सगळे आनंदात होतात. मी नको म्हणाले, तेव्हापासून घरात भांड्याला भांडं जास्तच लागतंय. हे स्थळ मी माझ्या हिमतीवर जमवलं. आता त्यांना कळलं, की कन्यादान तू करणार. ओट्यावर बसून चार माणसांत म्हणाले, "मुलगी आमच्या घरची, आणि द्यायला माणूस नगरहून येणार?"

मी दाराआडून म्हणाले, "हो, येणार."

दीर म्हणून त्यांच्याशी एवढ्या मोठ्याने मी आजवर कधी बोलले नव्हते. सुची आतून बघत होती. नंतर म्हणाली, "आई, पीठ किती जोरात मळतेयस." मी म्हटलं, घट्ट झालंय म्हणून.

दादा, मला मांडवात पुढे येता येणार नाही. नवरा नसलेल्या बाईने माजघरात बसून पोरीचं लग्न कानांनी ऐकायचं, अशी रीत आहे, आणि मी ती मोडणार नाही, सुचीला बोल नको. म्हणून माझ्या जागी तू. तू पाटावर बसलास की मी बसले. सुचीला या घराने दिली असं कुणी म्हणू नये, तिच्या आईच्या माणसाने दिली असं म्हणावं, एवढीच माझी हौस आहे. बाकी मानपान, करंडे, काय होईल ते होवो.

घड्याळ दुरुस्त झालं असतं.

दमू


नगर
२० जानेवारी १९४४

चि. दमूस आशीर्वाद.

राधाकृष्णपंतांना खुशाल ओट्यावर बोलू दे. मी येणार म्हणजे येणार. त्यावर पुन्हा लिहायला लावू नकोस.

घड्याळाच्या चाकाची फिरकी फसली. पितळ मऊ. सागवानावर तिने बरी माळ उठवली, पण शिसवीवर टेकवताच दात्यांची टोके बसली. ही चूक माझी नव्हे, पितळेची.

मग मी झिजलेली एक कानस घेतली. कानशीचे पोलाद कडक, पण जितके कडक तितके ठिसूळ. तिला भोक पाडता येत नाही, कापता येत नाही. म्हणून आधी लोहाराच्या भट्टीत लाल करून राखेत पुरून ठेवली. सावकाश निवली की ती मऊ पडते. मग तिचा रुपयाहून लहान गोल तुकडा कापला, मधोमध भोक पाडले आणि दुसऱ्या कानशीने कडेला दाते काढले. दोन दात्यांमधले अंतर सगळीकडे सारखे यायला हवे, नाहीतर माळ लंगडी येते. कागदावर वर्तुळ आखून, त्याचे भाग पाडून, तो कागद पोलादावर चिकटवून दाते काढले. संक्रांतीला मी जेवायला उशिरा उठलो, त्यावर तुझ्या वहिनीने तुला वेगळे पत्र लिहिले असेलच.

दाते झाल्यावर, पोलाद परत कडक व्हावे म्हणून, पुन्हा लाल करून पाण्यात बुडवले, तर चाक तडकले. लोहार म्हणाला, "पंत, घाई केलीत." मी घाई केली नव्हती, पाणी गार होते. दुसरे चाक करडईच्या तेलात बुडवले. ते टिकले. मग निखाऱ्यावर धरून गव्हाच्या दाण्यासारखा पिवळा रंग येईपर्यंत तापवले, म्हणजे ठिसूळपणा जातो आणि धार राहते. आता ती शिसवीवर लोण्यासारखी चालते.

बाजारातल्या काताऱ्याला दाखवली. त्याने उलटसुलट पाहिली, अंगठ्याने चाक फिरवले आणि म्हणाला, "चांगली हाय. पर गिऱ्हाईक खळगं मोजतंय व्हय?" या माणसाच्या हातात कला कशी टिकणार, सांग.

फिरकी चालवून पाहिलेला शिसवीचा पहिला तुकडा सोबत पाठवतो. त्यावर एका जागी माळेची सुरुवात आणि शेवट नीट जुळलेले नाहीत. सुचीला सांग, तिकडे पाहू नकोस.

दादा


तिसगाव
१२ मार्च १९४४

ती. दादास नमस्कार.

तुकडा पोचला. सुचीने दिवसभर हातातून सोडला नाही. माळ कुठे जुळली नाही ते शोधायला तिने आणि मी दोघींनी डोळे फोडले. शेवटी तिने अंदाजाने एक जागा ठरवली आणि म्हणाली, "मामाला लिही, सापडली." तेव्हा लिहिते, सापडली.

मुहूर्त धरला. ११ मे, गोरज. म्हणजे संध्याकाळी दिवस बुडता बुडता. भाऊजींना सकाळचा हवा होता, माधवरावांच्या घरून गोरज सांगितला, म्हणून तेही रागावलेत. आता त्यांचं कन्यादानाबद्दलचं बोलणं बंद झालंय. भटजींनी स्पष्ट सांगितलं, मामा-मामींनी द्यायला शास्त्राची हरकत नाही. त्यावर भाऊजी एवढंच म्हणाले, "बघू, येतात का वेळेवर." त्यांचं हसणं तुला माहीत आहे, ओठ न हलवता हसतात तसं.

म्हणून हात जोडून सांगते, आठ दिवस आधी ये. निदान चार. नगरची मोटार म्हणजे हल्ली देवाची करणी. पेट्रोल नाही म्हणून मागे ती कोळशाची टाकी लावलीय, गॅस धरला तर चालते, नाहीतर करंजीच्या घाटात लोकांनी उतरून ढकलायची. गेल्या आठवड्यात शेजारच्या गोजरबाईची लेक माहेरी आली ती मोटारीपेक्षा पायीच जास्त आली.

करंडे झाले तर आण, नाही झाले तर आणू नकोस. सुचीला करंडा नाही म्हणून कोणी परत पाठवणार नाही. तू आला नाहीस तर मात्र मी कुठे तोंड दाखवू?

आपला वाटेकरी मच्छिंद्र मेच्या पहिल्या आठवड्यात बियाणं आणायला नगरला येणार आहे. त्याला तुझ्याकडे पाठवते. त्याच्याबरोबर ये.

दमू


नगर
४ मे १९४४

चि. दमूस आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला काल मोटारीत बसवून दिले, पोचली असेल. तिच्याबरोबर पातळे, नारळ आणि खण आहेत. तिने निघताना तीनदा विचारले, "दहा तारखेला नक्की ना?" तुम्ही दोघी नणंदा-भावजया मला इतकी वर्षे ओळखता आणि तरी विचारता.

मच्छिंद्र भेटला. बियाण्याची पोती दहा तारखेला सकाळी लवकर मिळणार आहेत, तोही दहाच्याच मोटारीने परत येतो. दिवसातून एकच मोटार आहे. आम्ही दोघे तिनेच येतो.

कुंकवाचा करंडा झाला. दमू, तो बघण्यासारखा आहे, आणि हे मी आपलेच कौतुक म्हणून सांगत नाही. माळ जुळण्याचे गणित तुला सांगतो. लाकडाचा घेर आणि दात्यांमधले अंतर यांचा मेळ बसावा लागतो. तो बसला नाही तर दुसऱ्या फेऱ्याला दाते पहिल्या खळग्यांत पडण्याऐवजी दोहोंच्या मध्ये पडतात आणि तिथे नक्षी पिंजारते. मग पटाशीने लाकूड केसभर उतरवायचे आणि पुन्हा फिरकी टेकवायची. कुंकवाच्या करंड्याचे असे जुळले आहे, की झाकण लावल्यावर झाकणाची माळ आणि खालची माळ एकाखाली एक उभी राहते. कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, मलाही सांगता येत नाही.

हळदीचा अजून जमत नाही. अंग झाले आहे, झाकणावर एका जागी अर्ध्या खळग्याचा फरक येतो. झाकण उतरवले तर ते अंगापेक्षा लहान होते, अंग उतरवले तर तो कुंकवाच्या जोडीचा राहत नाही. जुळे करायचे म्हणजे जुळेच हवेत. अजून सवड आहे.

दहाला भेटू.

दादा


नगर
१६ मे १९४४

चि. दमूस आशीर्वाद.

लग्न पार पडले. माधवराव मला पसंत आहेत. पंगतीत त्यांनी उठून नमस्कार केला, त्यात दिखाऊपणा नव्हता. सुची निघताना माझ्याही पाया पडली.

त्या संध्याकाळी तू काही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणून झाले ते रीतसर लिहितो.

अकरा तारखेची मोटार सकाळी सुटायची, ती दुपार होईपर्यंत स्टँडवरून हलली नाही. कोळसा ओला होता. ड्रायव्हर टाकीत फुंकत बसला होता. मी त्याला दोनदा सांगितले, की आधी झडप बंद करून धग धरू दे, पण हे लोक ऐकत नाहीत. करंजीच्या घाटात अर्ध्या चढावर गॅस संपला. आम्ही ढकलली. तिने मागे यायला सुरुवात केल्यावर चाकाखाली दगड घातले. मग मी कोणासाठी थांबलो नाही, पिशवी घेतली आणि चालू लागलो. घाट उतरेपर्यंत दिवस कलला होता. पुढे एका बैलगाडीवाल्याने थोडे अंतर नेले, तो आपल्या वस्तीकडे वळला. तिसगावची झाडे दिसायला लागली तेव्हा सनईचा आवाज आला. मी पळालो, दमू. या वयात, धोतर खोचून पळालो. वेशीपाशी पोचलो तेव्हा सनई थांबली.

त्या मोटारीचा ठेका ज्याने घेतला आहे त्याच्याविरुद्ध मी अर्ज करणार आहे. लढाई आहे म्हणून माणसांनी वेळ पाळायची नाही असे कोठे लिहिले आहे?

करंडे सुचीला पोचले हे पाहिले. रुखवत तोवर आवरले होते.

एक ओळ लिही.

दादा


तिसगाव
२९ मे १९४४

ती. दादास.

एक ओळ लिही म्हणालास. एका ओळीत मावलं असतं तर त्याच दिवशी बोलले असते.

तू पळत येत होतास त्या वेळी इथे काय चाललं होतं ते सांगते. वहिनी सकाळपासून उपाशी होती, तिने शालू नेसला होता, आणि तुझा पाट तिच्या शेजारी रिकामा मांडला होता. ती दर घटकेला मान वळवून दाराकडे बघायची. भटजींनी विचारलं, "मामा आले का?" भाऊजी खांबाला टेकून पान खात होते. म्हणाले, "येतील की. नगर काय लांब आहे?"

भटजींनी पुन्हा विचारलं. ऊन भिंतीवरून उतरलं होतं. तेव्हा भाऊजी उठले, तोंड धुतलं, सोवळं नेसून आले. आधीच काढून ठेवलं असणार. माजघराच्या दाराशी येऊन, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगा. मी बसू?"

मी म्हटलं, "बसा."

ते म्हणाले, "ऐकू आलं नाही."

मी पुन्हा म्हटलं, "भाऊजी, तुम्ही बसा."

वहिनीला पाटावरून उठवलं आणि जाऊबाई बसल्या. वहिनीने शालू बदललासुद्धा नाही, पदर खोचला आणि पंगतीची तयारी बघायला गेली. ती तुला यातलं काही सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

तुझं पत्र आलं तेव्हा मला वाईट वाटलं. म्हटलं, माणसाने घाट पायी तुडवला, आणि मी अबोला धरून बसले. पत्र लिहायला घेणार तोच मच्छिंद्र आला. दहा तारखेला तो पोती घेऊन परस्पर मळ्यात गेला होता, आणि आम्ही समजलो होतो, त्या दिवशी मोटारच आली नाही. त्याला वाटलं, मला सगळं ठाऊक असेल. म्हणाला, "आक्का, दादांना म्या लई सांगितलं. आदल्या दिसाच्या मोटारीत जागा धरून बसल्तो. दादाबी आलं हुतं ष्टँडवर, पिशवी घिऊन. मोटार तापत हुती तवर त्यांनी पिशवीतनं डबी काढली, उन्हात धरली, फिरवून फिरवून बघितली. आन म्हनलं, मच्छिंद्र, तू हो फुडं, मी उद्या येतो. म्या म्हनलं, दादा, उद्याच्या मोटारीचा काय भरवसा? तर म्हनलं, झाकन नीट करून येतो, गोरज हाय, संध्याकाळपातूर कितींदा येईन."

दहा तारखेची मोटार वेळेवर पोचली, दादा. घाटातसुद्धा थांबली नाही.

तू मोटारीच्या ठेकेदाराविरुद्ध अर्ज कर.

दमू


नगर
७ जून १९४४

दमूस.

मच्छिंद्र सांगतो ते खरे आहे.

घरात दिव्याच्या उजेडात झाकण जुळल्यासारखे वाटले होते. स्टँडवर सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिले, तर एका जागी खळगे दुहेरी. दुसऱ्या कोणाला दिसले नसते. मला दिसले, आणि मग दुसरे काही दिसेना. वाटले, मी सुचीला चुकलेली वस्तू घेऊन चाललो आहे. तिच्या सासरी ती वस्तू वर्षानुवर्षे राहणार, आणि तिच्यावर माझी चूक राहणार. लग्न तर उद्या संध्याकाळी आहे. असा हिशेब मी केला, उभ्या उभ्या.

घरी येऊन शिसवीचा नवा ठोकळा चरकावर चढवला. संध्याकाळी झाकण आले. पहिल्यांदा टेकवल्याबरोबर माळ जुळली. दमू, मी त्या संध्याकाळी खूश होतो. दोन्ही करंडे शेजारी ठेवून मी चहा केला आणि त्यांच्याकडे पाहत प्यायलो. हे तुला लिहू नये असे वाटत होते. पण मोटारीचे लिहिले तसे पुन्हा काही लिहायचे नाही, असे ठरवले आहे.

तुझ्या वहिनीने खरेच मला काही सांगितले नाही. तुझे पत्र मी तिला वाचून दाखवले. तिने फक्त विचारले, "म्हणजे आदल्या दिवशी मोटार होती?" आणि उठून आत गेली.

मी काय करू ते सांग. करीन.

दादा


नगर
२ ऑगस्ट १९४४

दमूस.

तुझे उत्तर नाही. नागपंचमीलाही नाही. मच्छिंद्र बाजारात भेटला, तू बरी आहेस म्हणाला, आणि मला चुकवून लवकर निघून गेला. त्याने काही चूक केली आहे असे त्याला वाटते. मी त्याला थांबवून सांगायला हवे होते, की त्याने केली नाही.

राखीपौर्णिमेला वाट पाहीन.

दादा


तिसगाव
५ ऑक्टोबर १९४४

ती. दादास नमस्कार.

राग म्हणून लिहिलं नाही असं समजू नकोस. राग मृगात होता, श्रावणापर्यंत संपला. मग लिहायला काही उरलं नाही.

सुचीच्या पहिल्या दिवाळसणाचं आमंत्रण श्रीगोंद्याला गेलं, भाऊजींच्या सहीने. माधवराव आले की भाऊजींच्या शेजारी बसणार, भाऊजी आहेर करणार. चारचौघांत म्हणतात, "मुलगी मी दिली." खोटं आहे असं कसं म्हणू? माझ्याच तोंडून वदवून घेतलंय त्यांनी. लग्नात ज्यांनी ऐकलं नसेल त्यांना ते पुन्हा सांगतात, की वहिनींनी दोनदा विनवलं तेव्हा बसलो.

या वर्षी भाऊबीजेला येऊ नकोस. तुला ओवाळायचं नाही असं नाही. पण ओवाळताना ते खांबाला टेकून हसतील, आणि तू खाली बघशील. तुला खाली बघताना मी आजवर पाहिलेलं नाही, आणि पाहायचं नाही.

काय करू म्हणून विचारलं होतंस. एक कर. दिवाळीनंतर श्रीगोंद्याला जाऊन सुचीला बघून ये. मला जाता येत नाही. पत्रात ती सगळं छान लिहिते, आणि ती मी शिकवलेलीच आहे, छान लिहिणारच. तुझी नजर बारीक आहे. ती तिथे लाव. हातावर भाजल्याच्या खुणा आहेत का, सासूसमोर बोलताना आवाज कसा होतो, रात्री नीट झोपते असं डोळ्यांवरून वाटतं का. जसं दिसेल तसं लिही, माझ्या समाधानाचं लिहू नकोस.

दमू


नगर
१८ डिसेंबर १९४४

चि. दमूस आशीर्वाद.

श्रीगोंद्याला जाऊन आलो. तू सांगितलेस तसे, दिसले तसे लिहितो.

सुची बरी आहे. हातावर भाजल्याची एक खूण आहे, तव्याची, जुनी, भरून आलेली. डोळ्यांखाली काळे नाही. अंगाने किंचित भरली आहे. सासू तिला "सुचित्रा" असे पूर्ण नावाने हाक मारते आणि ती "आले" म्हणते, "आले हं आई" असे गयावया करून नाही, नुसते "आले". मी दिवसभर कान देऊन होतो. आवाज एकदाही बदलला नाही. माधवराव शाळेतून आल्यावर आधी विहिरीवर गेले आणि दोन घागरी भरून आणल्या. शेजारच्या बाईने पाहिले तरी त्यांनी लपवले नाही. तू ही मुलगी चांगल्या घरी दिलीस. तूच दिलीस. हे मी कोणासमोरही म्हणायला तयार आहे, पण माझ्या म्हणण्याला आता काय किंमत आहे, तेही जाणतो.

करंडे देवाच्या कोनाड्यात आहेत. हळदीच्या करंड्यावर कुंकवाचे झाकण होते आणि कुंकवाच्या करंड्यावर हळदीचे. कडेला बोटांचे डाग. मी हात लावला नाही.

मग जेवणाची वेळ झाली. मी उठलो, चपला पाहू लागलो. आपले वडील तिसगावला तुझ्याकडे यायचे ते आठवते ना? मुलगी दिलेल्या घरी, तिला मूल होईपर्यंत अन्न घ्यायचे नाही, पाणी घ्यायचे नाही. भर उन्हात यायचे, तुझ्या ओट्यावर बसायचे, बरोबर आणलेल्या तांब्यातले पाणी प्यायचे आणि तुला डोळे भरून पाहून परत जायचे. सुची झाली तेव्हा तुझ्या घरी पहिल्यांदा जेवले. माझ्या पिशवीतही तांब्या होता. निघताना मी तो का भरून घेतला, हे घेताना माझ्या ध्यानातही आले नव्हते.

सुचीची सासू म्हणाली, "अहो, उठलात का? पाने घेतली आहेत."

मी म्हणालो, "मला चालायचे नाही."

ती बाई चांगली आहे, दमू. तिच्या मनात काही नव्हते. ती हसली आणि म्हणाली, "तुम्हाला काय अडचण? राधाकृष्णपंत आले होते मागच्या महिन्यात, त्यांनी घोटभर पाणीसुद्धा घेतले नाही. त्यांचे बरोबर आहे, त्यांनी मुलगी दिली आहे. तुमचे तसे काही नाही. तुम्ही बसा."

सुची दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, मग पाट मांडला.

मी बसलो. वरणभात, मेथीची भाजी, आणि माझ्यासाठी म्हणून केलेले गोडाचे होते. पुरणपोळी. सुचीने तूप वाढले. मी जेवलो. माधवराव शेजारी बसले होते, ते बोलत होते, मी उत्तरे देत होतो. ताट संपले तेव्हा सुची दुसरी पोळी घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, अजून एक."

नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हते.

दादा